‘सारखा’ दिसला की उपमा?

“व्याख्या तोंडपाठ आहेत, पण पेपरात ओळ समोर आली की अलंकार ओळखू येत नाही.” ही तक्रार दहावीची मुलं करतात, त्यांच्या आया करतात आणि स्पर्धा परीक्षेसाठी कोल्हापुरात खोली घेऊन राहिलेली पंचविशीतली मुलंही करतात. इतक्यांदा ऐकली आहे की एकीची हकिगत सांगतेच. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगी करवीर तालुक्यातली, दहावीतली, घरचं गुऱ्हाळ. आई म्हणाली, “दिवसभर घोकत बसतीया, आणि चाचणीत अलंकाराला भोपळा.”

मुलगी मान खाली घालून म्हणाली, “मॅडम, मी ‘सारखा’ दिसला की उपमा लिहितो, ‘की’ दिसला की उत्प्रेक्षा. तरी चुकतंय.” (आमच्याकडच्या मुली ‘लिहितो’च म्हणतात.)

दुखणं तिनंच सांगितलं होतं. मी कागदावर लिहिलं, ‘तो सारखा रडतो.’ तिनं लगेच उपमा लिहिली.

“कशाला कशाची उपमा?”

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दुसरी वस्तूच न्हाई यात.”

इथला ‘सारखा’ म्हणजे सतत. ‘परी’ कधी ‘प्रमाणे’ असतो, कधी नुसता ‘पण’. ‘वाटे’ म्हणजे भासे, आणि वाटेवर चालणाऱ्याची वाटही. ‘तो म्हणाला की’ यातल्या ‘की’चा उत्प्रेक्षेशी काही संबंध नाही. गाइडमध्ये या शब्दांच्या याद्या दिलेल्या असतात आणि मुलं ओळ न वाचता यादीतला शब्द हुडकतात. म्हणून तिला पहिले काही दिवस एकच काम दिलं: अलंकाराचं नाव लिहायचंच नाही. ओळीत जिच्याबद्दल बोललंय ती वस्तू, म्हणजे उपमेय, तिच्याखाली एक रेघ. जिच्याशी सांगड घातलीय ती, म्हणजे उपमान, तिच्याखाली दोन रेघा. दोन वस्तू सापडल्या नाहीत तर उपमेच्या घराण्यात शिरायचंच नाही.

रेघा बरोबर पडू लागल्या, तरी नावाचा धाक होताच. तिसऱ्या भेटीत मी पुस्तक मिटायला लावलं आणि विचारलं, “काहिलीतनं चांगला गूळ उतरला की बाबा काय म्हणतात?”

“म्हणतात, गूळ न्हवं, सोनं हाय सोनं!”

ते वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहिलं. तिनं गुळाखाली एक रेघ ओढली, सोन्याखाली दोन.

“बाबांनी गुळाचं काय केलं?”

“न्हवं म्हटलं. नाकारलं...” पेन्सिल थांबली. “मॅडम, उपमेय नाकारलं! ही अपन्हुती हाय!”

अपन्हुतीची व्याख्या तिनं शंभरदा म्हटली असेल, पण त्या दिवशी तिला ती पहिल्यांदा ऐकू आली. मी गप्प राहिले. अशा वेळी समजावत बसलं की मुलाच्या हातचं काढून घेतल्यासारखं होतं. मग तिनंच बाबांचं वाक्य फिरवायला घेतलं. गूळ सोन्यासारखा पिवळा: उपमा. गूळ जणू सोनंच: उत्प्रेक्षा. हा गूळ साक्षात सोनं: रूपक. सोन्याहून पिवळा गूळ: व्यतिरेक. आमच्या गुळासारखा आमचाच गूळ: अनन्वय, इथे उपमेय तेच उपमान. हा गूळ की सोनं, असा प्रश्न पडला तर ससंदेह, आणि गुळाचा रवा, म्हणजे ढेप, बघून सोनार खरोखर कसोटी घेऊन धावला तर भ्रान्तिमान. एकाच गुळाचे आठ अलंकार झाले.

मला इथे जे दिसलं ते मी आता प्रत्येकाला सांगते. ही आठ नावं सुटी नाहीत, ती दोन वस्तूंमधल्या नात्याची मोजणी आहे. उपमेत दोघी शेजारी उभ्या असतात, उत्प्रेक्षेत बिलगतात, रूपकात एक होतात, अपन्हुतीत पहिलीला बाजूला सारलं जातं, व्यतिरेकात पहिलीच वरचढ ठरते. भरतमुनीच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढच्या ग्रंथांत ही संख्या शंभरावर गेली. एवढी यादी घोकून पेलत नाही, नातं कळलं तर मात्र पेलते.

शब्दालंकाराची तपासणी वेगळी: शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा ठेवा. ‘रंकाळ्यात आणि आमच्या पैलवानात भरपूर पाणी आहे’ यात ‘पाणी’ काढून ‘जल’ ठेवलं तर पैलवानाची सगळी धमक गेली. गंमत अर्थात नव्हती, दोन अर्थांच्या त्या एका शब्दात होती, म्हणून हा श्लेष. उलट ‘पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून आली’ यात पंचगंगेऐवजी नुसतं ‘नदी’ म्हणा, ती पायऱ्या चढतेच. म्हणून हा अर्थालंकार, चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते. अनुप्रासात अक्षर कुठेही पुन्हा येतं. यमकात ते चरणाच्या शेवटी किंवा ठरावीक जागीच येतं.

दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास यांत पुष्कळ जण अडकतात. दोन विधानांतलं एक म्हणीसारखं सुटं काढून कुठेही लावता आलं आणि दुसरं त्याच प्रसंगापुरतं असलं, तर अर्थान्तरन्यास. दोन्ही एकाच पातळीवरची, एक दुसऱ्याचा आरसा, तर दृष्टान्त.

रोज पंधरा मिनिटं पुरतात. पाच ओळी घ्या, आधी रेघा ओढा, मग नातं आपल्या शब्दांत बोला आणि नाव शेवटी लिहा. चुकलं तर व्याख्या पुन्हा लिहून काढू नका, रेघ कुठे चुकली ते बघा. बहुतेक चूक तिथेच निघते.

आणि आईवडिलांनो, जेवताना “उपमेची व्याख्या सांग” म्हणू नका. “कशाला काय म्हटलंय?” एवढंच विचारा. त्या मुलीच्या आईनं तसं विचारायला सुरुवात केली, तेव्हा उत्तरं गूळ शिजवणारा गुळव्याही देऊ लागला.