‘बिकॉज’ की ‘बिकॉज ऑफ’? आणि ‘सो’, ‘देअरफोर’ कुठे वापरायचं?

तुम्ही ठाण्याहून ऐरोलीला कामाला जाता, रोज इंग्रजीत मेल लिहिता आणि कारण सांगायची वेळ आली की ‘बिकॉज’ आणि ‘बिकॉज ऑफ’मध्ये अडकता, असं तुम्ही लिहिलंय. ही गडबड आपल्या ‘मुळे’मुळे होते. ‘पावसामुळे’ आणि ‘गाडी उशिरा आल्यामुळे’, दोन्हीकडे मराठीत ‘मुळे’च येतं. इंग्रजीत मात्र वाट वेगळी होते, आणि आपण ‘बिकॉज ऑफ द ट्रेन केम लेट’ लिहून बसतो.

‘मुळे’ कशाला चिकटलंय ते बघा. नामाला चिकटलं असेल (पाऊस, ट्रॅफिक, मेगाब्लॉक), तर ‘बिकॉज ऑफ द मेगाब्लॉक’. आल्यामुळे, बंद पडल्यामुळे, नसल्यामुळे अशी क्रियापदाची रूपं असतील, तर आधी मनात त्याचं पूर्ण वाक्य करा: ‘गाडी उशिरा आली’. मग नुसतं ‘बिकॉज’ लावा: ‘आय वॉज लेट बिकॉज द ट्रेन केम लेट’. ‘ड्यू टू’लाही नामच लागतं. ‘ड्यू टू द सर्व्हर वॉज डाउन’ चूक, ‘ड्यू टू अ सर्व्हर प्रॉब्लेम’ बरोबर.

दुसरी सवय जोडीची. मराठीत ‘रस्ता बंद होता ना, म्हणून ट्रेनने आलो’ म्हणतो, तेच मनात ठेवून ‘अ‍ॅज द रोड वॉज क्लोज्ड, सो आय टुक द ट्रेन’ लिहिलं जातं. ‘अ‍ॅज’ किंवा ‘सो’, एकच ठेवा. ‘द रीझन इज बिकॉज’मध्येही कारण दोनदा येतं, तिथे ‘द रीझन इज दॅट’ लिहा.

‘सो’च्या आधी स्वल्पविराम पुरतो. ‘देअरफोर’ने दोन पूर्ण वाक्यं जोडताना आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा आणि नंतर स्वल्पविराम. ‘हेन्स रिक्वेस्टिंग यू टु अप्रूव्ह’ हे तर मला फार खटकतं: त्यात कर्ताच नाही. ‘सो प्लीज अप्रूव्ह माय लीव्ह’ साधं आणि शुद्ध आहे.

‘सिन्स’ जपून वापरा. ‘सिन्स आय मूव्ह्ड टु ऐरोली, आय हॅव नॉट मेट हिम’ यात ऐरोलीला आल्यापासून की आल्यामुळे, ते वाचणाऱ्याला कळत नाही. कारणच सांगायचं असेल तर ‘बिकॉज’ लिहा.

आणि मराठीत ‘मी आलो नाही. कारण गाड्या बंद होत्या.’ असं तोडून लिहिलेलं चालतं. इंग्रजी मेलमध्ये ‘बिकॉज’च्या आधीचा तो पूर्णविराम काढून टाका.