पावसात रेसिंग कारच्या मागे लुकलुकणारा तो लाल लाइट नेमका कशासाठी असतो?

थोडक्यात हवं असेल तर एवढंच, की तो लाइट मागच्या ड्रायव्हरला "इथे गाडी आहे" हे सांगायला असतो, बाकी काही नाही. तुम्ही विचारलंय की टीव्हीवर तर पुढची गाडी व्यवस्थित दिसते मग हा दिवा कशाला, आणि कोरड्या रेसमध्येसुद्धा तो मधूनच का लुकलुकतो. दोन्ही सांगतो, पण आधी टीव्हीवरचं चित्र डोक्यातून काढा. ते कॅमेरे बहुतेक उंचावर नाहीतर ट्रॅकच्या बाजूला असतात, पाण्याच्या फवाऱ्याच्या बाहेर. ड्रायव्हरचे डोळे जमिनीपासून मीटरभरही वर नसतात आणि तो थेट त्या फवाऱ्यात घुसलेला असतो. पावसातल्या रेसचा एखादा ऑनबोर्ड (गाडीवरच्या कॅमेऱ्याचा) व्हिडिओ बघा म्हणजे कळेल, समोर नुसतं पांढरट राखाडी आणि त्यात कुठेतरी एक लाल ठिपका, तोही दिसला तर.

हा फवारा साधासुधा नसतो. एफ वनला (फॉर्म्युला वन) टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीचा आकडा आहे की फुल वेट टायर (जोरदार पावसासाठीचा) ताशी ३०० किमी वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी फेकतो, एक टायर हं, आणि इंटरमीडिएट (कमी ओल्या ट्रॅकसाठीचा) साधारण ३० लिटर. वर गाडीच्या तळाशी असलेला डिफ्यूझर रस्त्यावरचं पाणी ओढून मागे उंच उडवतो ते वेगळंच. त्या पाण्याचे इतके बारीक थेंब होतात की ते लगेच खाली बसत नाहीत, हवेत तरंगत राहतात. म्हणून पाऊस थांबलाय, ट्रॅक नुसता ओला आहे, तरी दिसत काहीच नाही असं होतं.

एफ वनमध्ये मागचा लाल लाइट १९७२ पासून सक्तीचा आहे, तेव्हा नियमात १५ वॉटचा बल्ब होता, आता एलईडी आलेत. नियम साधा आहे, इंटरमीडिएट किंवा वेट टायर लावले की लाइट चालू पाहिजे. बंद पडला तर गाडी थांबवायची का हे रेस डायरेक्टर ठरवतो, आणि थांबवलं तर दुरुस्त करून परत ट्रॅकवर जाता येतं.

आता मला जो खरा मुद्दा वाटतो तो. लाइट "आहे" हे सांगतो पण "किती लांब आहे" आणि "किती स्लो आहे" हे सांगत नाही, आणि पावसातले मोठे अपघात बघितलेत तर त्यातले बरेच नेमके इथेच झालेत. १९८२ चं जर्मनीतलं हॉकेनहाइम घ्या. शनिवारी पावसात सराव चालू होता, दिदिए पिरोनी फेरारीत, चॅम्पियनशिपमध्ये सगळ्यात पुढे. समोर डेरेक डेलीची विल्यम्स बाजूला सरकली, पिरोनीला वाटलं आपल्याला वाट देतोय, पण डेली खरं तर फवाऱ्यात लपलेल्या अॅलन प्रोस्टच्या रेनोला ओलांडत होता. पिरोनी जाऊन प्रोस्टच्या मागच्या चाकावर आदळला, पाय इतके मोडले की परत कधी एफ वन रेस केली नाही. उरलेल्या रेस न करताही तो सीझनअखेर ३९ पॉइंटवर दुसरा राहिला, केके रोझबर्ग ४४ पॉइंटवर चॅम्पियन झाला, यावरून समजा काय हातातून गेलं. आणि तेव्हा मागचा लाइट सक्तीचा होऊन दहा वर्षं झाली होती.

१९८९ ला अॅडलेडमध्ये सेन्ना असाच मार्टिन ब्रंडलच्या ब्रॅबहॅमला मागून ठोकला, ब्रंडलच्या गाडीवर मागे तोंड केलेला कॅमेरा होता म्हणून ते शूटिंग आहे, फवाऱ्यातून एकदम सेन्नाची मॅकलॅरन बाहेर येते आणि धडक, मधे काही नाहीच. १९९८ ला बेल्जियममधल्या स्पाला शूमाकर पुढे होता आणि कुल्टहार्डला एका लॅपने मागे टाकत होता, कुल्टहार्डने त्याला जाऊ द्यायचं म्हणून रेसिंग लाइनवर (सगळ्या गाड्या जातात त्या वेगवान वाटेवर) असतानाच अॅक्सलरेटर सोडला. शूमाकर थेट त्याच्यावर, पुढचं उजवं चाक गेलं, तीन चाकांवर पिटमध्ये (टीमच्या गॅरेजकडे) आला. विचार करा, ताशी २५० ला गाडी सेकंदाला जवळजवळ ७० मीटर जाते. पुढच्याने वेग कमी केलाय हे एका लाल ठिपक्यावरून कळायला डोळ्याला जो वेळ लागतो तेवढ्यात धडक झालेली असते.

म्हणून २०१९ ला जो बदल झाला तो माझ्या मते फार महत्त्वाचा होता, त्याचं कौतुक मात्र कोणी फारसं केलं नाही. मधल्या लाइटशिवाय मागच्या विंगच्या दोन्ही एंडप्लेटवर (दोन टोकांच्या फळ्यांवर) उभ्या एलईडी पट्ट्या आल्या. एक तर त्या वर आहेत, मधला लाइट खाली, डिफ्यूझरच्या पाण्याच्या अगदी जवळ असतो. दुसरं म्हणजे दोन लाइटमध्ये साधारण मीटरभर अंतर आहे. १०० मीटरवरून ते अंतर साधारण पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं दिसतं, ५० मीटरवर दुप्पट. म्हणजे जवळ जाल तसे दोन लाइट एकमेकांपासून फाकत जातात आणि मेंदूला अंतराचा काहीतरी अंदाज येतो, एकाच ठिपक्यावरून हे जमत नाही.

लुकलुकण्याबद्दल लोकांत मतभेद आहेत. लुकलुकणारी गोष्ट पटकन लक्ष वेधते हे खरं, पण तिचं अंतर मोजायला डोळ्याला त्रास होतो, कारण दर वेळी ती परत शोधावी लागते. मोटोजीपीमध्ये याच्या उलट नियम आहे, पावसात बाइकच्या मागचा लाइट ट्रॅकवर सलग चालू पाहिजे, लुकलुकला तर फक्त पिट लेनमध्ये (गॅरेजसमोरच्या रस्त्यावर) लिमिटर, म्हणजे वेग मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, चालू असताना. मला स्वतःला बाइकवाल्यांचं पटतं.

लालच का, यावर नेटवर सगळीकडे एकच उत्तर मिळतं की लाल रंगाची वेव्हलेंग्थ मोठी म्हणून तो धुक्यातून जास्त आरपार जातो. ते इथे लागू होत नाही. हवेच्या रेणूंएवढ्या सूक्ष्म कणांसाठी ते बरोबर आहे, पण पाण्याचे थेंब प्रकाशाच्या वेव्हलेंग्थपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. लाल निवडतात कारण मागचा दिवा म्हणजे लाल ही सवय सगळ्यांना आहे, आणि राखाडी पांढऱ्यावर लाल उठून दिसतो.

आता कोरड्यातलं. स्ट्रेटच्या (ट्रॅकच्या सरळ भागाच्या) शेवटी गाडीची बॅटरी इलेक्ट्रिक पॉवर देणं बंद करून उलट चार्ज व्हायला लागते, ड्रायव्हरचा पाय अॅक्सलरेटरवर पूर्ण दाबलेला असतो तरी गाडीचा जोर कमी होतो. मागच्याला हे समजावं म्हणून लाइट लुकलुकतो. पिट लेनमध्ये लिमिटर चालू असतानाही तसंच. ब्रेक लाइट समजू नका त्याला, एफ वन गाडीला ब्रेक लाइट नसतोच.

जाता जाता, लाइट अजून प्रखर करून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही, कारण फवारा दाट झाला की प्रकाश वाटेतच संपतो. २०२१ ला स्पाला म्हणूनच सेफ्टी कारच्या (सगळ्यांना हळू चालवायला पुढे असते त्या गाडीच्या) मागे थोड्या चकरा मारून अर्धे पॉइंट देऊन टाकले. एफआयएने (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) मग चाकांवर कव्हर लावून बघितलं, २०२३ ला सिल्व्हरस्टोनला आणि २०२४ ला फेरारीच्या फिओरानो ट्रॅकवर, पण फारसा फरक पडला नाही, कारण चाकं झाकली तरी डिफ्यूझरचं पाणी उडतंच.