पील करून सहा दिवस झाले, साधं पाणीही झोंबतंय

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहते, ऑफिस ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. पिंपल्सचे डाग जावेत म्हणून ग्लायकोलिक पील (आम्ल लावून वरची मेलेली कातडी काढतात ते) केलं, तिसऱ्या दिवसापासून हनुवटीजवळ पापुद्रे सुटतायत, एक मी ओढून काढला तर तिथे लालभडक झालंय. तोंडाला ओढणी बांधून स्कूटीवर जाते. सासूबाई म्हणतात हळद-बेसन लाव, मैत्रीण तिची क्रीम देतेय, दोन दिवसांत चेहरा उजळतो म्हणे. पुढच्या रविवारी नणंदेचा साखरपुडा आहे, काय करू?

उत्तर : अगं, आधी त्या पापुद्र्यांना हात लावणं बंद कर बाई. पीलने वरच्या मेलेल्या पेशींची पकड सुटते आणि खालची कातडी अजून कोवळी असते, ओलावा धरून ठेवत नाही, म्हणून पाणीसुद्धा झोंबतं. हलकं पील असेल तर साधारण आठवड्यात हे शांत होतं, पण ओढून काढलंस की आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर तिथेच काळा डाग पडतो आणि तो महिनोन्महिने जात नाही, म्हणजे ज्यासाठी खर्च केलास तेच परत.

मैत्रिणीची क्रीम अजिबात नको. असल्या क्रीममध्ये बरेचदा बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं, लाली दबते खरी पण लावत राहिलं की कातडी पातळ होते आणि बंद केली की चेहरा पेटतो. किती जणींचं असं झालेलं बघितलंय, जीव तुटतो. हळद-बेसनही आत्ता नको, ते खसखसून काढताना कोवळी कातडी सोलवटते, सासूबाईंना सांग डॉक्टर नको म्हणालेत. रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, स्क्रब, ब्लीच, थ्रेडिंग सगळं कपाटात राहू दे.

गार पाण्याने हलक्या हाताने धू, टिपून घे, ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लाव, पापुद्र्यांवर थोडं व्हॅसलिन. सकाळी एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन दोन बोटांवर रेघ ओढून घे तेवढं, बाहेर असशील तर दर दोन तासांनी परत.

आणि ती ओढणी! घामाने ओली झालेली ओढणी, वर हेल्मेटचा पट्टा, आणि नेमकं हनुवटीलाच घासतंय की सगळं. आठवडाभर ऐरोलीहून ठाण्याला ट्रेनने जा ना.

फोड, पू, पिवळट खपली, ताप किंवा दुखणं वाढलं तर साखरपुड्याची वाट बघू नकोस, त्याच दिवशी स्किनच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना पील कुठलं आणि किती टक्क्यांचं होतं ते क्लिनिककडून लिहून घे, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.