जुन्या लॅमिनेटेड धनुष्याचं पॉलिश काढताना एवढं बघ

भाऊ, आधी दोरी उतरव अन् लिम्बच्या, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्यांच्या, कडेने नख फिरव. कुठे थर सुटलेला लागला किंवा लिम्ब पिळलेलं दिसलं तर पॉलिशचा नाद सोड, ते धनुष्य ओढूच नको, जाणत्या माणसाला दाखव.

सगळं ठीक असेल तर नवीन पोरं इथे चुकतात बघ:

- पेंट रिमूव्हर अन् हीट गन. दोन्ही नको. धनुष्याचे थर एपॉक्सी गोंदाने चिकटवलेले असतात, तीच पकड ढिली होते.
- मशीनने घासणं. हातानेच घास, 220 चा सँडपेपर, मग 320 चा. लिम्बवर फक्त वार्निश काढायचं, बारीक धागे दिसायला लागले की थांब, तो फायबरग्लास आहे, तो घासला तर धनुष्याची ताकद उतरते अन् एकाच बाजूने गेला तर लिम्ब पिळतं. मास्क लाव, ती धूळ वाईट.
- एकदाच जाड थर देणं. पॉलीयुरेथेन वार्निश कपड्याने पातळ पातळ तीन-चार हात दे.

पावसाळ्यात प्रत्येक हात वाळायला जास्त वेळ लागतो, घाई नको. अन् मे महिन्यात लवकर वाळावं म्हणून गच्चीवर ठेवशील तर बाबा, नागपूरचं ऊन म्हणजे फुकटची हीट गनच. स्प्रे, रंगाचं काम नंतर बघू. फोटो टाक.