देवाने मला निवडलेच नसेल तर?

‘देवाने मला निवडलेच नसेल, तर माझ्या प्रार्थनेला काय अर्थ उरतो?’ हा प्रश्न ख्रिस्ती कुटुंबांतील तरुण मला वारंवार विचारतात. विचारणारा बहुधा वाद घालायला आलेला नसतो, तो मनातून घाबरलेला असतो. त्यामुळे पूर्वनियोजन (कोणाचे तारण, म्हणजे मुक्ती, होणार हे देवाने आधीच ठरवलेले असणे) आणि इच्छास्वातंत्र्य यांविषयी मंडळीने, म्हणजे चर्चने, शतकानुशतके काय शिकवले हे त्याला सांगावे लागते, आणि त्याची झोप, त्याचे जेवण, घरातली बोलणी यांच्याकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते. पुढील हकिगत अशाच एका तरुणाची आहे. त्याच्या व त्याच्या आईच्या संमतीने, ओळख पटू नये इतके तपशील बदलून ती येथे देत आहे.

हा मुलगा नागपूरचा, पंचविशीतला. अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो बँकेच्या परीक्षांची तयारी करत होता. वडिलांचे घराणे स्टीफन हिस्लॉप यांच्या स्कॉटिश मिशनच्या परंपरेतले, म्हणजे देवाच्या निवडीवर भर देणाऱ्या प्रेस्बिटेरियन पंथाचे. आईचे माहेर मेथडिस्ट, म्हणजे माणसाच्या इच्छास्वातंत्र्याला जागा देणाऱ्या पंथाचे. आई रुग्णालयात परिचारिका. अभ्यासिकेतून परतल्यावर मोबाइलवर प्रवचने ऐकण्याची सवय त्याला लागली, आणि त्यांतून तो बायबलच्या नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायापाशी येऊन अडकला. याकोब आणि एसाव हे जुळे भाऊ जन्मलेही नव्हते, त्यांनी बरे-वाईट काही केलेले नव्हते, तरी देवाची निवड झालेली होती, असे तेथे पत्राचा लेखक प्रेषित पौल म्हणतो. त्यानंतर प्रार्थना करताना मन जरा भरकटले की ‘निवडलेल्यांचे असे होत नाही’ असे त्याला वाटे, आणि तो प्रार्थना पहिल्यापासून सुरू करी. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हे चाले. मग तो रात्रपाळीवर असलेल्या आईला वॉर्डात फोन करून विचारी, ‘आई, मी टाकलेल्यांपैकी नाही ना?’ ती म्हणे, ‘नाही रे लेकरा, झोप आता.’ थोडा वेळ बरे वाटे आणि पुन्हा फोन वाजे.

माझ्याकडे आल्यावर तो म्हणाला, ‘ताई, परीक्षेची निवड यादी लागते ना, तशी देवाची यादी जगाच्या आधीच लागलेली आहे. माझे नाव तिच्यात नसेल, तर मी कितीही अभ्यास केला तरी काय उपयोग?’ अभ्यासिकेतल्या एका मित्राने त्याचे सांत्वन करताना सांगितले होते की आमच्याकडेही सटवाई बाळाच्या कपाळी लिहूनच जाते, त्यात एवढे घाबरण्यासारखे काय! मित्राचा हेतू प्रेमाचाच होता. मात्र त्याच्या त्या बोलण्याने या मुलाची कल्पना अधिकच घट्ट झाली.

मी त्याला प्रथम हेच सांगितले की कपाळीचे लिखित आणि पौलाने सांगितलेली निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिखिताला विनवणी करता येत नाही, आणि ते लिहिणारी पुढे आपल्याबरोबर चालतही नाही. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात निवडीचा उल्लेख येतो तो उपकारस्तुतीत: जे देवाचे झाले आहेत ते मागे वळून पाहतात आणि ‘आमच्या आधी त्याचेच प्रेम होते’ असे म्हणतात. रोमकरांसच्या आठव्या अध्यायात तो येतो तो दुःख सोसणाऱ्यांना धीर देताना, आणि त्या अध्यायाचा शेवट देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही वेगळे करू शकणार नाही या घोषणेने होतो. ‘तुझे नाव आत आहे की बाहेर, हे स्वतःच्या मनात डोकावून ओळख,’ असे पौल कोठेही सांगत नाही.

नवव्या अध्यायाबद्दल त्याला अधिक खोलात जायचे होते, आणि ते योग्यच होते. तो अध्याय पौलाच्या स्वतःच्या लोकांविषयीच्या तीव्र दुःखातून सुरू होतो आणि त्याचा युक्तिवाद अकराव्या अध्यायापर्यंत चालतो. तेथे, देवाने सर्वांवर दया करावी म्हणून सर्वांना अवज्ञेत कोंडले, असे विधान येते. नवव्यातच थांबणाऱ्याला ते कधी भेटत नाही. कुंभार आणि माती यांचे उदाहरण त्याला सर्वांत भयंकर वाटत असे. म्हणून आम्ही जुन्या करारातील यिर्मया संदेष्ट्याचा अठरावा अध्याय उघडला. तेथे कुंभाराच्या हातात बिघडलेले भांडे तो टाकून देत नाही, त्याच मातीचे दुसरे घडवतो. आणि एखादे राष्ट्र वाईटापासून वळले तर मीही योजलेले अरिष्ट आणणार नाही, असे देव सांगतो. माणसाच्या वळण्याला तेथे खरी किंमत आहे.

‘पण देवाला आधीच ठाऊक असेल, तर माझे वळणे माझे कसे?’ असे त्याने विचारले. मी त्याला कवी नारायण वामन टिळकांची आठवण दिली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि ‘तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल’ असे सांगितले, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाच्या शब्दांनी त्यांच्यावर काही लादले नाही. पुस्तक न उघडता ठेवून देणे त्यांना शक्य होते. त्यांनी वाचले, शंका घेतल्या, घरच्यांचा रोष पत्करला. माणसाचा अंदाज आणि देवाचे ज्ञान यांत अंतर आहे, आणि या उदाहरणाने सगळे कोडे सुटत नाही, हेही मी त्याला सांगितले. तरी एखादी गोष्ट आधी ठाऊक असणे आणि ती बळजबरीने घडवणे यांतला फरक त्यावरून त्याच्या ध्यानात आला.

मंडळीत या विषयावर एकमत नाही, हे मी लपवले नाही. प्राचीन धर्मपंडित ऑगस्टीनपासून सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनपर्यंतच्या परंपरेने निवडीचे संपूर्ण श्रेय देवाकडे ठेवले. डच धर्मपंडित आर्मिनियस १६०९ मध्ये वारल्यानंतर त्याच्या अनुयायांनी मांडलेली, माणसाच्या प्रतिसादाला जागा देणारी मते हॉलंडमधील डॉर्टच्या धर्मसभेने १६१८–१९ मध्ये फेटाळली. पुढे मेथडिस्ट परंपरेचा प्रवर्तक जॉन वेस्लीने, देवाची कृपा सर्वांना मोकळी आहे आणि माणूस ती नाकारू शकतो, असे आग्रहाने शिकवले. कॅथलिक मंडळी तर देव कोणालाही नरकासाठी नेमत नाही असे स्पष्टच सांगते. या मुलाला नवल वाटले ते आपल्याच गावाचे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारत मंडळीची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापना झाली, तेव्हा एकत्र आलेल्या सहा मंडळ्यांमध्ये प्रेस्बिटेरियन वारसाही होता आणि मेथडिस्टही. म्हणजे त्याच्या आजोळची आणि वडिलांकडची परंपरा, हा वाद न मिटवताच, एकाच प्रभुभोजनाच्या मेजाभोवती बसली. माझा स्वतःचा कल वेस्लीकडे आहे आणि त्याने विचारल्यावर मी तो सांगितला. पण त्याने माझ्या बाजूला यावे ही त्याच्या बरे होण्याची अट नव्हती.

कारण ज्या शिकवणीने तो घाबरला होता, तिच्या सर्वांत कडक पुरस्कर्त्यांनीही त्याच्यासारख्यांना घाबरवलेले नाही. ख्रिस्ताला बाजूला ठेवून आपली निवड शोधायला जाणे विनाशाचे आहे, आपली निवड ख्रिस्ताच्याच आरशात पाहावी, असे कॅल्व्हिनने लिहिले. डॉर्टच्या नियमांत तर असे आहे की ज्यांना जिवंत विश्वासाची खात्री अद्याप जाणवत नाही, पण जे प्रार्थना आणि वचन धरून आहेत, त्यांनी टाकलेल्यांचा उल्लेख ऐकून भिऊ नये आणि स्वतःला त्यांच्यात मोजू नये. हे वाचताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले. योहानाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो की जो माझ्याकडे येतो त्याला मी घालवून देणार नाही. एवढे सगळे आम्ही एका कागदावर त्याच्याच अक्षरात उतरवले. मग मी म्हणाले, ‘या प्रश्नाचे माझ्याकडचे उत्तर हे आहे. यापुढे तू तोच प्रश्न विचारलास तर मी पुन्हा उत्तर देणार नाही.’

हे ऐकणाऱ्याला निर्दय वाटते, म्हणून कारण सविस्तर सांगते. एकच शंका पुन्हा पुन्हा उसळणे, ती शमवण्यासाठी ठरावीक कृती करणे, क्षणभर सुटका आणि पुन्हा तीच शंका, या चक्राला मराठीत मंत्रचळ म्हणतात. डॉक्टर ओसीडी म्हणतात. कोणी हात धुतो, कोणी कुलूप तपासतो, आणि धार्मिक मनात हाच आजार पाप, शाप आणि तारण यांचे विषय धरून बसतो. प्रत्येक दिलासा हा त्या चक्राचाच भाग होतो. आईचे ‘नाही रे लेकरा’ प्रेमाचे होते, तरी त्याने पुढच्या फोनचीच सोय होत होती. म्हणून आईने ‘याचे उत्तर तुझ्याजवळ लिहिलेले आहे, मी तुझ्यावर प्रेम करते’ एवढेच म्हणायचे ठरले. दर भेटीत बायबलमधली नवी वचने देणाऱ्या त्यांच्या पाळकांनीही (मंडळीच्या धर्मगुरूंनीही) हे मान्य केले. प्रार्थना दिवसातून ठरल्या वेळी, एकदाच. मन भरकटले तरी पुन्हा सुरू करायची नाही, आणि ‘मला खात्री नाही’ हे वाक्य न खोडता तसेच राहू द्यायचे. पहिले आठवडे आईला फार कठीण गेले.

मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवले आणि औषध सुरू झाले. त्याने विचारले, ‘औषधाने विश्वास येतो का?’ येत नाही. औषधाने भीतीचा जोर कमी होतो, आणि विश्वास ठेवावा की नाही याचा विचार मोकळेपणी करता येतो. मला तर त्याचे इच्छास्वातंत्र्य औषधाने वाढलेलेच दिसले. इंग्रज कवी विल्यम कूपर याची गोष्टही मी त्याला सांगितली. कूपरने देवाच्या गूढ मार्गांवर नितांत सुंदर गीत लिहिले, तरीही १७७३ नंतर अखेरपर्यंत आपण टाकलेले आहोत अशी त्याची खात्री राहिली. त्याचा मित्र जॉन न्यूटन स्वतः कॅल्व्हिनच्या परंपरेतला होता, पण कूपरचा तो निकाल त्याने कधीच मान्य केला नाही. त्या काळी आजच्यासारखे उपचार नव्हते, आज आहेत.

आता फोन थांबले आहेत. तो उपासनेला जातो, परीक्षाही देतो. रोमकरांसचा नववा अध्याय त्याला अजून पटत नाही असे तो सांगतो. मात्र आता तो पाळकांशी त्यावर भांडतो, आणि घरी जेवताना तो कॅल्व्हिनची व आई वेस्लीची बाजू घेते.

ज्या घरात हाच प्रश्न दिवसातून अनेकदा विचारला जातो, झोप आणि अन्न सुटते, किंवा ‘मी तसाही नाशासाठीच नेमलेला आहे’ अशी भाषा येते, तेथे पाळकांबरोबर मनोविकारतज्ज्ञांनाही गाठावे. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मनोविकार विभागात जाता येते, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. जीव देण्याचे शब्द निघाले तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.