पॅरामेशियम उलटं का पोहतं?

प्रश्न : क्षारामुळे पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या पक्ष्माभिका (पोहण्यासाठीचे केसांसारखे तंतू) उलट्या दिशेने हलतात असं वाचून स्लाइडवर काचझाकणीच्या कडेने मिठाचं पाणी सोडलं. काही पेशी आकसून मेल्या, बाकीच्यांना काहीच झालं नाही. चुकलं कुठे?

उत्तर : मिठातही चुकलं आणि कडेने सोडण्यातही. गोड्या पाण्यातली पेशी तीव्र मिठात पाणी गमावून आकसते. शिवाय कडेने क्षार हळूहळू झिरपतो, तोवर पेशी त्याला सरावते. बदल एकदम व्हायला हवा.

पोटॅशियम क्लोराइड वापरा. बाहेर पोटॅशियम वाढलं की पेशीच्या आतला ऋण विद्युतदाब घटतो आणि पक्ष्माभिकांच्या आवरणातल्या कॅल्शियमच्या वाटा उघडतात. आतलं कॅल्शियम साधारण १ मायक्रोमोलरवर गेलं की फटक्याची दिशा उलटते. नाइतो आणि कानेको या संशोधकांनी १९७२ मध्ये हे फार सुंदर रीतीने दाखवलं. ट्रायटन एक्स-१०० या साबणासारख्या द्रव्याने पेशीचं आवरण निकामी करून त्यांनी एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) व मॅग्नेशियम दिलं. त्या निर्जीव पेशीही पोहल्या : कॅल्शियम कमी असताना पुढे, जास्त असताना मागे.

पॅरामेशियमचा ‘पॉन’ नावाचा उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेला) प्रकार बुद्धिबळातल्या प्याद्यासारखा मागे जातच नाही. पण त्याचं आवरण असंच निकामी करून कॅल्शियम दिलं, तर तोही मागे पोहतो. म्हणजे यंत्र शाबूत, बिघाड फक्त कॅल्शियमच्या वाटेत.

आता कृती. १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड १०० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. दुसऱ्या बाटलीत १.५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, तेवढ्याच पाण्यात. पहिल्यातलं १० मिलि आणि दुसऱ्यातलं १ मिलि घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने एकूण १०० मिलि करा. हे झालं २० मिलिमोलर पोटॅशियम, १ मिलिमोलर कॅल्शियम. वॉचग्लासमध्ये २ मिलि घेऊन त्यात पॅरामेशियमचा एकच थेंब सोडा, कमी भिंगशक्तीखाली लगेच पाहा. पेशी काही सेकंद सरळ मागे जातील, मग जागीच गरगरतील, मग पुन्हा पुढे.

द्रावणातून कॅल्शियम वगळू नका. बाहेर तेच नसेल तर आत काय शिरणार? उलट क्षारयुक्त कठीण पाणी वापरलं तर कॅल्शियम जास्त झाल्याने पोटॅशियमचा परिणाम फिका पडतो. वेग कमी करायला कापसाचे तंतूही टाकू नका : तंतूवर पुढचं टोक आपटलं तरी पेशी मागे सरते, आणि ते क्षारामुळे की धडकेमुळे, हे कळत नाही.