पिल्लू ईएमआयवर घ्यावं का? आधी आईची मेडिक्लेम भरा

वाकडहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३८, आयटीत नोकरी, पत्नीही नोकरी करते. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ६५ हजार. नवव्या मजल्यावर टू बीएचके, गृहकर्जाचा हप्ता ५८ हजार, एसआयपी १५ हजार, बचत खात्यात १ लाख २० हजार. मुलगी सात वर्षांची. आई ६६ वर्षांची, मधुमेह आणि गुडघेदुखी.

त्यांना बॉर्डर कोली जातीचा कुत्रा घ्यायचा आहे. नुसतं पाळायला पिल्लू ५५ हजारांना, ‘ब्रीडिंग राइट्स’सह, म्हणजे पिल्लं काढून विकण्याच्या मुभेसह, मादी १ लाख १० हजारांना. विक्रेता म्हणतो, होणारी पिल्लं मीच प्रत्येकी २५ हजारांना परत घेईन. त्यावर वाचकाचा हिशोब असा: वर्षाला दोन वेत, प्रत्येकी सहा पिल्लं, म्हणजे ३ लाख. ते मुलीच्या शिक्षणासाठी गुंतवायचे. १० हजार टोकन देऊन झालं आहे. प्रश्न एवढाच, की उरलेले पैसे १ लाख ४० हजारांच्या बोनसमधून द्यावेत की क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ ईएमआयने?

आणि पत्राची शेवटची ओळ: ‘महिन्याच्या खर्चाची सोय झाली आहे. आईची मेडिक्लेम यंदा रिन्यू केली नाही, प्रीमियम ४२ हजारांवर गेला होता. तिला ऑफिसच्या पॉलिसीत घातलं आहे. दिवसा ती घरी असतेच, त्यामुळे कुत्र्याकडे लक्ष राहील.’

बोनस की ईएमआय, याचं उत्तर: दोन्ही नको. ‘नो कॉस्ट’मध्ये प्रोसेसिंग फी असते, व्याजावरचा जीएसटी असतो आणि रोखीने घेताना मिळाली असती ती सूट गेलेली असते. यावर याहून जास्त शाई घालवण्यात अर्थ नाही, कारण तुमचा खरा घोटाळा त्या शेवटच्या ओळीत आहे.

पॉलिसीची मुदत ५ तारखेला संपली आणि पत्र २६ तारखेचं आहे. म्हणून हे उत्तर इथे येण्याआधीच, त्याच दिवशी, तुम्हाला ईमेल केली होती. वार्षिक प्रीमियमला ३० दिवसांची वाढीव मुदत मिळते. त्या दिवसांत कव्हर नसतं, पण तेवढ्यात पैसे भरले तर पॉलिसी तुटली असं धरत नाहीत. एकतिसाव्या दिवशी सगळंच बदलतं.

तुम्ही ४२ हजार वाचवून काय सोडत होतात ते बघा. पॉलिसी सात वर्षं जुनी. मधुमेहाचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे आधीच्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, केव्हाच संपलेला. सलग ६० महिने झाल्यावर कंपनीला ‘तुम्ही अमुक आजार लपवलात’ असं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. हे सगळं सात वर्षं हप्ते भरून कमावलेलं आहे. आता ६६ व्या वर्षी, मधुमेह सांगून, नवी पॉलिसी मागायला जा. काही कंपन्या सरळ नाही म्हणतील. देतील त्या जास्त प्रीमियम लावतील आणि आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला सांगतील. सत्तरीनंतर आयुष्मान योजनेतून पाच लाखांचं कव्हर आहे, पण त्याला अजून चार वर्षं आहेत.

ऑफिसची पॉलिसी तीन लाखांची, असं तुम्हीच लिहिलं आहे. एका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत ती संपू शकते. आणि ती तुमच्या नोकरीला बांधलेली आहे. आयटीत कोणत्या सोमवारी कुणाचं ओळखपत्र चालेनासं होईल, हे मी तुम्हाला सांगायला नको. ती पॉलिसी वरकड म्हणून ठेवा. मुख्य म्हणून नाही.

४२ हजार खरंच जड जात असतील तर कमी करायचे सरळ मार्ग आहेत. मूळ कव्हर थोडं कमी करून वर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचं बिल देणारी जोडपॉलिसी, घ्या, किंवा पुढच्या वर्षी मुदत संपण्याच्या ४५ ते ६० दिवस आधी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा. पोर्ट केल्यावर आधीची वर्षं मोजली जातात. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर ज्येष्ठ पालकांच्या प्रीमियमवर ५० हजारांपर्यंत वजावटही आहे. आणि ४२ हजारांची नोटीस जुनी असेल तर आकडा पुन्हा तपासा. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे.

आता कुत्रा. तुमच्या मते महिन्याची सोय म्हणजे वाचलेले ४२ हजार भागिले बारा, साडेतीन हजार. एवढ्यात अठरा किलोच्या या कुत्र्याचं धड खाणंही भागत नाही. बऱ्यापैकी खाण्याचे साडेचार हजार धरा. गोचीड-जंतांच्या गोळ्या हजार. तुम्ही दोघं कामावर, म्हणून डॉग वॉकरचे चार हजार. लसी आणि डॉक्टर वर्षाला आठ हजार. गावी किंवा सुटीवर गेलात की बोर्डिंग, वर्षाचे बारा. खेळणी, ब्रश, पट्टे आणि चावून टाकलेल्या चपला दहा. एकूण वर्षाला १ लाख ४४ हजार, म्हणजे महिना १२ हजार. ही जात १२ ते १५ वर्षं जगते. तेरा धरली तर १९ लाख होतात, तेही महागाई आणि आजारपण न धरता. पिल्लाची किंमत या सगळ्यात किरकोळ आहे.

पण या जातीचा मोठा खर्च रुपयांत नाही, तासांत आहे, आणि तो तुमच्या पत्रात कुठेच नाही.

बॉर्डर कोली हा इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांतला मेंढ्या वळवणारा कुत्रा. १८९३ मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला ओल्ड हेम्प हा या जातीचा मूळपुरुष मानतात. तो भुंकायचा नाही. दबा धरून, मान खाली घालून, नजर रोखून मेंढ्या हलवायचा. १९०६ मध्ये इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली. तिच्या वहीत कुत्र्याची किंमत ठरली ती कामावरून, दिसण्यावरून नाही. शंभराहून जास्त वर्षं हीच निवड होत आली: डोंगरभर पळायचं, लांबून आलेली शिट्टी ओळखायची, समोरची मेंढी आता कुठे फुटेल हे आधी ताडायचं आणि दमायचं नाही. हा स्वभाव लिफ्टने नववा मजला चढला म्हणून बदलत नाही.

आपल्याकडे धनगरांच्या वाड्याबरोबर कुत्री असतात, ती बघून ‘मेंढपाळाचा कुत्रा’ हे एकच चित्र आपल्या डोक्यात बसतं. त्या कुत्र्यांचं काम राखणीचं. रात्री लांडगा आला तर अंगावर जायचं, दिवसा सावलीत पडून राहायचं. मेंढ्या वळवतो तो धनगर स्वतः. कोलीचं गणित उलटं आहे. त्याला दिवसा काम लागतं, रोज लागतं, आणि दिलं नाही तर तो स्वतः शोधतो.

शोधतो म्हणजे काय, तर पंख्याची फिरती सावली. मोबाईलच्या काचेवरून भिंतीवर पडलेला कवडसा. एकदा नाद लागला की कोली तासन् तास त्या भिंतीसमोर दबा धरून बसतो, झेप घेतो, पुन्हा बसतो. हे बघून घरचे हसतात आणि व्हिडिओ काढतात. काही महिन्यांनी तेच वेड सोडवायला ट्रेनर शोधावा लागतो. मुलीच्या वाढदिवसाला दहा मुलं हॉलमध्ये पळायला लागली की हा त्यांना एका कोपऱ्यात गोळा करणार, आणि जो गोळा होत नाही त्याच्या टाचेला दात लावणार. त्यात राग नसतो, ते त्याचं काम असतं. पण हे त्या मुलाच्या आईला तुम्हीच समजवायचं आहे. खाली पार्किंगमध्ये स्कूटर गेली की तीही मेंढीच. आवाजाला ही जात बरीच हळवी असते, त्यामुळे दिवाळीतल्या पुण्याबद्दल वेगळं सांगत नाही.

ब्रिटनमधला केनेल क्लब या जातीला रोज दोन तासांहून जास्त व्यायाम सांगतो, आणि तो ब्रिटनच्या हवेत. पुण्यात मे महिन्यात सकाळी सातच्या आत आणि दिवस मावळून डांबर निवल्यावर, एवढाच वेळ हाती असतो. अंगावर दुहेरी केस असतात, ते उन्हाळ्यात भादरून टाकायचे नसतात. पावसाळ्यात गोचीड. त्यावर सर्रास टोचलं जाणारं आयव्हरमेक्टिन कोली वर्गातल्या काही कुत्र्यांना जनुकीय दोषामुळे बाधतं, म्हणून डॉक्टरांना जात सांगून, विचारूनच औषध द्यायचं.

हुशारीबद्दल तुम्ही भरभरून लिहिलं आहे, त्यात काही खोटं नाही. अमेरिकेत साउथ कॅरोलायनामध्ये जॉन पिली या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी चेसर नावाच्या कोलीला हजारावर खेळण्यांची नावं शिकवली होती. तिचे व्हिडिओ बघून अनेकजण पिल्लू शोधायला निघतात. पिली निवृत्त होते आणि तिला रोज चार-पाच तास शिकवत होते, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. तुम्ही साडेआठला निघता आणि आठला परत येता. पत्नी तीन दिवस ऑफिसात. राहिल्या आई.

म्हणजे तुमची योजना अशी आहे: गुडघे दुखणाऱ्या ६६ वर्षांच्या बाईची मेडिक्लेम काढून घ्यायची आणि तिच्या हातात अठरा किलोच्या धावत्या कुत्र्याचा पट्टा द्यायचा. मांजर आडवं गेल्यावर तो एकदाच हिसका देईल. कंबरेचं हाड मोडायला एक पुरे. आईंना हे सगळं चालणार आहे का, हे पत्रात कुठेच दिसलं नाही.

आता ‘ब्रीडिंग राइट्स’. यापुढे मला संयम राहत नाही. विमा एजंट जसा बोनसचा तक्ता दाखवतो तसा या विक्रेत्याने तुम्हाला वेतांचा तक्ता दाखवला, आणि तुम्ही मुलीचं कॉलेज त्यावर टांगलंत. कुत्र्यांच्या प्रजननाचे २०१७ चे नियम आहेत. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय नाही, वर्षातून एकच वेत, आयुष्यात पाचच, आणि विकायची असतील तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी. तुमचे वर्षाला दोन वेत नियमांतच बसत नाहीत. ३ लाखांचे एका झटक्यात दीड झाले. त्यातलं एखादं पिल्लू दगावतं, सव्वा लाख. नराची फी म्हणून आणखी एक पिल्लू किंवा तेवढे पैसे, एक लाख. सोनोग्राफी, तपासण्या, पिल्लांचं खाणं, जंताची औषधं, पहिली लस, मादीचा खुराक. चाळीस-पन्नास हजार राहिले तर नशीब. सिझेरियन झालं किंवा पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा आजार शिरला की वजा. शिवाय आठ आठवड्यांच्या आत पिल्लं देता येत नाहीत, म्हणजे दोन महिने टू बीएचकेत सहा पिल्लं. ती रात्री कोण उठून बघणार? पुन्हा आईच.

परत घेण्याचं वचन कुठे आहे, म्हणून विचारलं तर तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट पाठवलात. ५५ हजारांचं पिल्लू तो तुम्हाला १ लाख १० हजारांना देतो आहे. त्याचा ५५ हजारांचा फायदा आज, रोख. तुमचा दोन वर्षांनी, त्याचा नंबर चालू असेल तर. त्याने दाखवलेले केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) कागद वंशावळ सांगतात, तब्येत नाही. आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे आणि डोळ्यांच्या आजाराची डीएनए तपासणी मागितलीत का? या जातीत दोन्ही दुखणी सापडतात. मागून बघा. उत्तर यायला किती वेळ लागतो त्यावरून बरंच कळेल.

तुम्हाला कुत्रा नकोच असं माझं म्हणणं नाही. मुलगी मागते आहे, घरात माया आहे, तेरा वर्षांचा सोबती हवा असणं चांगलंच आहे. पण ४२ हजारांचा प्रीमियम त्या ३० दिवसांतच भरायचा, लागलं तर बचत खात्यातून, आणि बोनस आला की आधी ते ४२ भरून काढायचे. उरलेले ९८ बचत खात्यात. तिथे आज १ लाख २० हजार आहेत आणि नुसता हप्ता महिना ५८ हजार जातो. दोन महिने पगार थांबला तर कुत्र्याआधी तुमचेच हाल होतील. मग सहा महिने दरमहा १२ हजारांची आरडी करा आणि तेवढेच महिने रोज पहाटे एक तास, संध्याकाळी एक तास, तुम्ही दोघांपैकी कुणीतरी खाली चालून या. पावसात आणि रिलीजच्या आठवड्यातसुद्धा. जमलं तर ७२ हजार जमलेले असतील आणि मला पुन्हा लिहा. तेव्हाही मी कोली सांगणार नाही. निवाऱ्यातून स्वभाव कळलेलं, मोठं झालेलं देशी कुत्रं दत्तक घ्या असं सांगेन. त्याला पुण्याची हवा मानवते, दुपारी ते झोपतं, आणि आईंच्या पायाशी नुसतं बसूनही राहतं.

राहिलं टोकन. १० हजार लेखी मागा, मेसेज जपून ठेवा, पावती असेल तर तिचा फोटो जोडा. तो नाही म्हणाला तर एकदा ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवा. तरीही नाही मिळाले तर सोडून द्या. ‘१० हजार गेलेच आहेत तर घेऊनच टाकू’ म्हणून उरलेले एक लाख देऊ नका. आणि मिळाले तर त्यातून आईंच्या गुडघ्यांसाठी फिजिओथेरपीची सत्रं लावा. तो खर्च सहसा मेडिक्लेममध्ये बसत नाही.